कळ माणसाच्या हाती राहावी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय विचारला तर म्हणाले, ‘चौतीस वर्षं विजेच्या नोकरीत काढलीस, विजेवरच बोल. फक्त बिलावर बोलू नकोस, नाहीतर जेवण लांबेल.’ म्हणून बिलाचा विषय बाजूला ठेवतो. आपल्याकडे येणारी वीज कुणी दूरदेशी बसून, संगणकाच्या आधारे बंद करू शकतो का, आणि तसं होऊ नये म्हणून काय करावं लागतं, एवढंच सांगतो. माझी बहुतेक नोकरी उपकेंद्रांमधले रिले तपासण्यात गेली. त्यामुळे मी सांगेन ते रिलेवाल्याच्या नजरेतून असेल. संगणकशास्त्र शिकलेले आपले मुलं-मुली इथे बसलेत, त्यांनी चूक असेल तिथे कान धरावा.

आधी आपल्या मळ्यापासून सुरुवात करू. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या विहिरीवर आज मोबाइल स्टार्टर आहे. पूर्वी रात्री बाराला थ्री-फेज आली की उठून बॅटरी घेऊन जावं लागायचं. साप-विंचवाची भीती होतीच, आता बिबट्याचीही आहे. आज त्या डब्यात सिमकार्ड बसलंय. गोधडीत बसून फोन लावला की मोटार चालू, कांद्याला पाणी चालू. उत्तम सोय आहे. पण मला सांगा, तो डबा बसवून देणाऱ्याने जो पासवर्ड टाकून दिला होता, तो किती जणांनी बदलला? ज्याला तुमच्या डब्याचा नंबर आणि तो पासवर्ड माहीत आहे, तो चांदवडात असो की चंदीगडला, त्याच्या दृष्टीने तुमची मोटार सारख्याच अंतरावर आहे.

विजेच्या जाळ्याचं नेमकं हेच आहे, फक्त आकार मोठा. उपकेंद्रातला ब्रेकर लागलाय की पडलाय, लाइनवर किती भार आहे, दाब किती आहे, ही सगळी माहिती दर काही सेकंदांनी वर जाते. राज्यासाठी ती जाते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात. आमच्या बोलण्यात त्याला नुसतं ‘कळवा’ म्हणतात. त्याच्या वर पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत, आणि सगळ्यांच्या वर देशाचं केंद्र दिल्लीत. या यंत्रणेला स्काडा म्हणतात. तिच्यातून नुसतं पाहता येतं असं नाही, पुष्कळ ठिकाणी दुरूनच ब्रेकर पाडता आणि लावताही येतो.

हे सगळं इतकं बारकाईने का पाहायचं? कारण वीज कोठारात भरून ठेवावी तशी मोठ्या प्रमाणावर साठवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते त्याच क्षणी तेवढी तयार व्हावी लागते. हा तराजू बरोबर आहे की नाही ते फ्रिक्वेन्सी सांगते. ती ५० हर्ट्झच्या आसपास राहिली पाहिजे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाला मिळाली. तेव्हापासून सबंध भारत एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. चांदवडची मोटार आणि गुवाहाटीचा पंखा एकाच तालावर फिरतात म्हणा ना.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. लॉकडाऊन होता, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन होतं. आपण सगळ्यांनी पणत्या लावल्या. त्या काही मिनिटांत देशाची मागणी ३१,०८९ मेगावॉटने उतरली. ग्रिड कोसळणार, अशी चर्चा दोन दिवस चालली होती. कोसळली नाही. कारण देशभरातल्या माणसांनी आधीच हिशेब मांडून ठेवला होता. जलविद्युत केंद्रं पटकन उतरवता आणि चढवता येतात, त्यांना तयार ठेवलं होतं. ती रात्र तारीख-वेळ सांगून आली, म्हणून निभावली. हल्ला करणारा तारीख सांगत नाही.

असा हल्ला खरोखर झाला आहे. २३ डिसेंबर २०१५, युक्रेन. तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात दुपारी कर्मचारी नेहमीसारखे पडद्यासमोर बसले होते. एकाच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. त्याने माउसला हात लावलेला नव्हता. बाण एकेका ब्रेकरवर जात होता आणि तो पाडत होता. सुमारे तीस उपकेंद्रं बंद झाली, सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. हल्लेखोरांनी तेवढ्यावर भागवलं नाही. तक्रार केंद्राच्या फोनवर खोट्या कॉलचा भडिमार केला, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोन लागू नये. नियंत्रण कक्षाचाच बॅकअप बंद केला. जाताजाता संगणक पुसून टाकले आणि उपकेंद्रातली संदेश पोहोचवणारी उपकरणं निकामी केली, म्हणजे दुरून पुन्हा वीज चालू करता येऊ नये.

हे आत आले कसे? कित्येक महिने आधी आलेल्या ई-मेलमधून. सोबत एक साधी फाइल होती. ती कुणीतरी उघडली. मग सहा-आठ महिने ते गुपचूप आत राहिले, पासवर्ड गोळा केले, कोणती कळ कुठे आहे ते शिकले.

आता पुढचा भाग नीट ऐका, मला मुख्यतः तोच सांगायचा आहे. एवढं सगळं होऊनही एक ते सहा तासांत सगळीकडे वीज आली. कशी? तिथले लोक गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. त्यांची यंत्रणा जुनी होती आणि हाताने चालवायची सवय अजून मोडलेली नव्हती. पुढेही बरेच दिवस त्यांनी तसंच काम चालवलं. पुढच्या वर्षी, १७ डिसेंबर २०१६ ला, राजधानी कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर पुन्हा हल्ला झाला. या वेळी माउस हलवायलाही कुणी बसलं नव्हतं. घुसवलेला प्रोग्रॅम स्वतःच ब्रेकरशी त्याच्या भाषेत बोलत होता. तेव्हाही सुमारे तासाभरात वीज परत आली, आणि तेव्हाही ती माणसांनीच आणली.

आता आपल्या घरी येऊ. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई गेली. आपल्यातले जे तिकडे स्थायिक आहेत त्यांना आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कोरोनाचे रुग्ण असलेली रुग्णालयं जनरेटरवर गेली. अत्यावश्यक पुरवठा साधारण दोन तासांत सुरू झाला. काही भागांत संध्याकाळ-रात्र उजाडली. मी त्या दिवशी तिकडे नव्हतो, म्हणून जे जाहीर झालं आहे तेवढंच सांगतो. पडघा आणि कळवा यांच्यामधल्या ४०० केव्हीच्या वाहिनीचं एक सर्किट आधीच बंद होतं. भार दुसऱ्यावर होता, तेही गेलं. मुंबईसाठी ‘आयलंडिंग’ची सोय आहे. म्हणजे बाहेरची ग्रिड कोलमडली तर मुंबईने स्वतःची वीजकेंद्रं घेऊन बेटासारखं वेगळं व्हायचं आणि चालू राहायचं. या बेटाने मुंबईला पूर्वी अनेकदा वाचवलं होतं. त्या दिवशी ते उभं राहिलं नाही.

साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली. चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांच्या जाळ्यात शिरकाव केल्याच्या खुणा मिळाल्याचं त्यात म्हटलं होतं. पाचपैकी चार विभागीय भार प्रेषण केंद्रं त्यात होती. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल मांडला आणि मुंबईच्या घटनेमागे घातपाताची शक्यता असल्याचं सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, हल्ल्याचे प्रयत्न झाले हे खरं, पण मुंबईचा अंधार त्यामुळे नव्हता, ती मानवी चूक होती. आणि गंमत म्हणजे त्या अमेरिकी अहवालातही मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही, असंच लिहिलं होतं.

मग खरं काय? मला विचाराल तर एका वेळी दोन गोष्टी खऱ्या आहेत. शिरकाव खरा होता. नोव्हेंबर २०२० मध्येच आपल्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने ‘शॅडोपॅड’ नावाच्या त्या प्रोग्रॅमबद्दल इशारा दिला होता. आणि वीज जाण्याला लाइन, भार आणि निर्णय एवढी कारणं पुरेशी होती. पण आपण दोन पक्ष करून बसलो. एकाला सगळीकडे चीन दिसतो, दुसरा म्हणतो काही झालंच नाही. दोन्ही धोक्याचं आहे. प्रत्येक ट्रिपिंगला हल्ला म्हटलं, तर झिजलेल्या इन्सुलेटरकडे आणि रखडलेल्या दुरुस्तीकडे कुणी पाहणार नाही. प्रत्येक हल्ल्याला बिघाड म्हटलं, तर चोर घरात राहील. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. पहिल्या तासात सगळ्यांच्या तोंडी सायबर हल्लाच होता. तपासात तसं काही आढळलं नाही, दाब हाताबाहेर वाढल्याचं निघालं.

घरातला अनुभव सांगतो. एका उपकेंद्रात, नाव सांगत नाही, आम्ही रिले तपासायला गेलो होतो. नवीन रिले म्हणजे छोटा संगणकच असतो. आमच्या तरुणपणी रिलेत चकती फिरायची, तिची सेटिंग पेचकसाने करायची. आता लॅपटॉप जोडून करतात. त्या रिलेचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि तो काचेवर चिकटपट्टीने लावूनही ठेवला होता. विचारलं तर साहेब म्हणाले, ‘रात्री-अपरात्री कुणाला लागला तर?’ त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. रात्री दोनला लाइन गेलेली असताना पासवर्ड आठवत बसायला वेळ नसतो. सुरक्षेचे नियम करणाऱ्यांनी ही रात्रपाळी डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. नाहीतर नियम फायलीत राहतात आणि पासवर्ड काचेवर राहतो.

मग उपाय काय? पहिला उपाय आपल्या रंगमहालासारख्या जुन्या वाड्यांकडून शिकता येईल. मोठा दरवाजा सहसा उघडत नसत. त्यातल्या दिंडी दरवाजातून वाकून, एकेकाने, देवडीवरच्या पहारेकऱ्यासमोरून आत यायचं. वीज कंपनीतही कार्यालयाचं इंटरनेट आणि ब्रेकर चालवणारं जाळं वेगळं हवं, आणि मधे असाच दिंडी दरवाजा हवा. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या एका संगणकात घुसखोरी झाली होती. आधी इन्कार झाला, मग ३० ऑक्टोबरला कबुली आली. पण तो संगणक कार्यालयीन कामाचा होता, अणुभट्टी चालवणारं जाळं त्यापासून तोडलेलं होतं, असं सांगितलं गेलं. मधली भिंत कशासाठी असते हे यावरून कळतं.

दुसरा उपाय कायद्याचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक कंपनीत जबाबदार अधिकारी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, विश्वासार्ह ठिकाणाहूनच उपकरणं, हे त्यात आहे. घटना घडली तर सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवायचं, असाही आदेश एप्रिल २०२२ पासून आहे. लपवून ठेवण्याची आपली जुनी खोड मोडायला याचा उपयोग होईल.

तिसरा उपाय कुठल्याही निविदेत बसत नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे. हाताने चालवता येणारी माणसं. माझ्या वयाचे लोक निवृत्त होत आहेत. उपकेंद्रं दुरून चालवण्याकडे कल आहे, आणि तो चुकीचा नाही. पण पडदा काळा पडला तर कोणता ब्रेकर आधी लावायचा, कोणता नंतर, अर्थ दिला आहे का, समोरच्या उपकेंद्राला फोन करून खात्री कशी करायची, हे हाताला ठाऊक असावं लागतं. ते वर्षातून एकदा तरी खरोखर करून पाहिलं पाहिजे. गाडी आहे म्हणून पाय वापरणं सोडलं, की पाय जातात. आपल्या वयात हे कुणाला समजावून सांगायला नको!

‘पण चांदवडशी याचा काय संबंध? आमच्याकडे लाइट जायला चीन लागत नाही, जोराचा वारा पुरतो,’ असं मघाशी चहाच्या वेळी एक मित्र म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. पण संबंध आहे. शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. घरांच्या गच्चीवर पॅनेल येत आहेत. त्यांचे इन्व्हर्टर वाय-फायने कंपनीच्या सर्व्हरला जोडलेले असतात. एक इन्व्हर्टर बंद पडला तर काही होत नाही. हजारो एकाच क्षणी बंद किंवा चालू झाले तर तो तराजू हलतो. तुम्हाला हे पटायला अडचण नाही. लाइट आल्याबरोबर सगळ्यांच्या ‘ऑटो’वर ठेवलेल्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते, हे आपण दर उन्हाळ्यात बघतो. तेच चित्र मोठं करून पाहा.

म्हणून आपल्यापुरत्या तीन गोष्टी सांगतो. मोबाइल स्टार्टरचा आणि इन्व्हर्टरच्या वाय-फायचा पासवर्ड आज घरी गेल्यावर बदला. दुसरं, ‘तुमचं बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर फोन करू नका. महावितरण असा खासगी मोबाइल नंबर देत नाही, हे त्यांनी पुन्हापुन्हा जाहीर केलं आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा. युक्रेनमध्ये कुणीतरी घाईत फाइल उघडली होती. आपणही याच घाईत सापडतो. तिसरं, अफवा पुढे पाठवू नका. मे २०२५ मध्ये, पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने देशातली ७० टक्के ग्रिड बंद पडली, असा मेसेज आपल्या याच तुकडीच्या ग्रुपवर आला होता. तो वाचताना आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर पंखा फिरत होता! पीआयबीने तो खोटा असल्याचं सांगितलं. ब्रेकर न पाडताही लोकांना घाबरवता येतं, आणि त्यासाठी हल्लेखोराला आपलंच बोट लागतं.

शेवटी एक विनंती. आपल्या तुकडीने शाळेला काही द्यायचं ठरवलं आहे, आणि कमान की डिजिटल फळा यावर सकाळपासून खल चालू आहे. माझं मत असं, की नववी-दहावीच्या मुलांसाठी विजेचं एक साधं टेबल द्यावं. त्यावर मीटर असावा, एमसीबी असावा, मोटारीचा स्टार्टर आणि एक जुना रिले असावा. मुलांनी तो उघडून पाहावा, जोडावा, चुकवावा, पुन्हा जोडावा. वर्षातून एकदा गावातल्या वायरमनला बोलवावं, हार घालून नव्हे, शिकवायला. शेजारच्या संगणक कक्षात ज्या मुली प्रोग्रॅमिंग शिकतात त्यांनी त्याच टेबलाशी यावं. पुढे ग्रिड सांभाळायला दोन्ही येणारी माणसं लागणार आहेत, आणि आज ती फार थोडी आहेत. जागा आणि जुनी उपकरणं यांची जबाबदारी मी घेतो. रिले कसा लावायचा ते शिकवायला महिन्यातून एक शनिवार येईन. बाकी खर्चाचं तुम्ही ठरवा.

वीस मिनिटं झाली. बिलावर एक शब्दही बोललो नाही, याची नोंद संयोजकांनी घ्यावी.